डाव्या चाकाचं आधी टेकणं

आषाढात पाटोद्याकडच्या माळावर उभं राहिलं की शेजारच्याला मारलेली हाकसुद्धा वारा उचलून नेतो. बालाघाटाच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या तेव्हा सगळ्या एकाच दिशेला तोंड करून फिरत असतात. वाऱ्याने बाजू बदलली की त्याही मान वळवतात. धावपट्टीला मान नसते. डांबराची पट्टी एकदा आखली की आखली. वारा कुठूनही येवो, उतरायचं तिच्यावरच. छोट्या विमानाच्या आडव्या वाऱ्यातल्या उतरण्यात मला जे विलक्षण सुंदर वाटतं, ते सगळं या एका अडचणीतून आलेलं आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. तरी हे उतरणं समजायला लागणारी पहिली गोष्ट गोदाकाठी शिकता येते. राक्षसभुवनासारख्या ठिकाणी पात्र भरलेलं असताना होडी पलीकडे न्यायची, तर नावाडी समोरच्या घाटावर नेम धरत नाही. तो होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं ठेवतो. काठावरच्या नवख्याला वाटतं, हा भलतीकडेच निघाला. होडी मात्र तिरक्या अंगाने सरकत नेमकी समोरच्या पायरीला लागते.

आता एक उतरणं डोळ्यांसमोर घ्या. चार जणांचं सेसना १७२, वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. वारा १८ नॉटचा, डावीकडून, धावपट्टीशी ४५ अंशांचा कोन करून येणारा. त्यातला जवळजवळ १३ नॉटचा वाटा विमानाला आडवा ढकलतो. या विमानाच्या पुस्तिकेत १५ नॉटचा आकडा असतो. ती मर्यादा नव्हे. चाचणीत तेवढ्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे आपलं उतरणं त्या आकड्याच्या अगदी अलीकडे चाललं आहे.

दुरून दिसतं ते असं: विमान धावपट्टीच्या मधल्या रेघेवरूनच खाली येतंय, पण त्याचं नाक डावीकडे अकरा अंश वळलेलं आहे. घड्याळातल्या मिनिटांच्या दोन खुणांमध्ये सहा अंश असतात. तशा दोन खुणांना जेमतेम कमी. पायलटला समोरच्या काचेच्या मधोमध धावपट्टी दिसतच नाही, ती उजव्या बाजूला सरकलेली असते. जिथे जायचं तिथे न बघता तिथेच जाणं ही राक्षसभुवनची होडी झाली. पण होडीला घाटाला तिरकं लागलेलं चालतं. विमानाची चाकं तिरकी टेकली तर सगळा आडवा झटका पायांना आणि टायरांना बसतो.

म्हणून जमिनीपासून काही फुटांवर या उतरण्यातला सगळ्यात श्रीमंत क्षण येतो. पायलटचा उजवा पाय शेपटीवरच्या रडरचं पेडल दाबतो आणि नाक रेघेवर सरळ होतं. पण सरळ झाल्याबरोबर विमान वाऱ्याच्या तावडीत सापडतं, उजवीकडे वाहू लागतं. त्याच श्वासात हात डावीकडे वळतो आणि डावा पंख वाऱ्याच्या दिशेने खाली झुकतो. पाय उजवीकडे, हात डावीकडे. एरवी वळण घेताना हात आणि पाय एकाच बाजूचं बोलतात. इथे मुद्दाम एकमेकांविरुद्ध बोलायचं आणि त्या भांडणातून सरळ रेघ काढायची. हातात असतं त्या चक्राला इंग्रजीत योक म्हणतात. तो शब्द आणि आपलं बैलाच्या मानेवरचं जू मुळात एकाच कुळातले, हे कळल्यापासून मी त्याला जूच म्हणतो.

काही पायलट ही झुकलेली स्थिती खूप आधीपासून धरून येतात. ते अधिक निवांत आणि शिकाऊंसाठी बरं. माझा जीव मात्र शेवटच्या क्षणी होणाऱ्या त्या बदलात अडकतो, कारण तिथे वेग उतरत चाललेला असतो. वेग उतरला की पंखांच्या मागच्या कडेला जुवाने हलणाऱ्या पट्ट्यांची, म्हणजे एलेरॉनची, पकड सैल होते, जू जास्त वळवावं लागतं. वारा तर माणसाच्या सोयीसाठी थांबत नाही. मग डावं चाक आधी टेकतं. एकटं. क्षणभर विमान एका पायावर धावतं, मग उजवं चाक उतरतं, शेवटी नाकाखालचं. प्रवासी ‘टेकलं ते कळलंच नाही’ म्हणून जी दाद देतात, ती इथे चुकीची आहे. वाऱ्यात अलगदपणासाठी तरंगत राहणं म्हणजे वाऱ्याला आणखी वेळ देणं. जरा ठामपणे टेकलेलं ते एक चाक मला अधिक खरं वाटतं.

आणि रेघ हातातून सुटतेय असं वाटताच इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर गेलेलं विमान? त्यालाही मी तितकीच दाद देतो.

हा प्रश्न विमानाइतका जुना नाही. सुरुवातीच्या अनेक तळांवर नुसतं मोकळं मैदान असे. वाऱ्याची बाजू बघायची आणि त्याला सामोरं उतरायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमान जुहूला घेऊन आले, तेव्हा जुहू म्हणजे चिखलाचा सपाट पट्टा होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई आणि विमानांना पुण्याला, येरवड्याच्या मैदानाचा आसरा घ्यावा लागे. त्या पिढीतली बहुतेक विमानं शेपटीवर टेकणारी. त्यांचा भार मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे आडव्या वाऱ्यात शेपूट गर्रकन पुढे येऊ पाहायची. मैदान मोठं होतं हे त्यांचं भाग्य. पक्की, अरुंद पट्टी आली आणि वाऱ्याशी तिरकं बोलायची ही विद्या रोजची गरज झाली.

तिन्ही चाकं टेकल्यावर बघणारे नजर काढून घेतात. मी काढत नाही. शेपटीचा उभा पंख आता विमानाचं नाक वाऱ्याकडे फिरवू बघतो, म्हणून पाय सावधच असतात. वेग मंदावतो तसं जू डावीकडे आणखी वळत जातं, शेवटी पूर्ण. विमान सायकलच्या वेगाने वळून पट्टीबाहेर पडतं; वारा आता मागून, डाव्या अंगाने येतो. तेव्हा पायलट जू उलट, उजवीकडे फिरवतो आणि पुढे दाबून धरतो, मागून आलेल्या वाऱ्याने पंख आणि शेपूट उचलू नये म्हणून. इंजिन बंद होईपर्यंत, पंखांना दोर बांधले जाईपर्यंत त्याचं लक्ष त्या वाऱ्यावर असतं.