अक्षरहीन शिळांचें वाचन

दगड कसा वाचावा, याचा धडा नाशिकच्या रसिकास घराजवळच मिळतो. त्रिरश्मि डोंगरावरील लेणीं लोकांनीं पांडवांस बहाल केलीं होतीं. परंतु भिंतींवरील अक्षरें लागतांच तीं बौद्ध भिक्षूंकरितां कोरलेलीं ठरलीं, आणि दात्यांमध्यें उषवदात व गौतमी बलश्री हीं नांवें उजेडांत आलीं. पण जेथें अक्षरच नाहीं, तेथें काय करावें?

हा प्रश्न विदर्भांत उभा राहतो. नागपूरजवळ जुनापाणी येथें सुमारें ३०० शिलावर्तुळें नोंदलेलीं आहेत. धोंड्यांचें कडें, आंत दगडमातीचा उंचवटा, आणि त्याखालीं मृतांस अर्पिलेल्या वस्तू, अशी त्यांची रचना. रिव्हेट-कार्नाक यांनीं १८७९ सालीं त्यांवर निबंध लिहिला. धोंड्यांवरील वाटीसारखे खळगे पाहून त्यांस स्कॉटलंडांतील शिळांवरचे तसेच खळगे आठवले. आणि युरोपभर फिरलेल्या भटक्या टोळ्यांचीच एक शाखा येथवर आली असावी, असें त्यांनीं सुचविलें.

निरीक्षण सूक्ष्म खरें, अनुमान मात्र घाईचें. स्कॉटलंडांत कॅलॅनिश येथील उभ्या शिळा सुमारें ५,००० वर्षांच्या. विदर्भांतील वर्तुळें मुख्यतः ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील. दोहोंमध्यें सुमारें दोन हजार वर्षांचें अंतर आहे. आपल्या मृतांचा विसर पडूं नये, ही इच्छा सर्व मनुष्यांची. तिच्यासाठीं हाताशीं असलेला धोंडा उचलण्यास समान पूर्वज लागत नाहीं. केवळ आकारसाम्यावरून वंशावळ जुळविणें म्हणजे पांडवांच्या दंतकथेचीच विद्वान् आवृत्ति होय.

खरें वाचन कुदळीनें केलें. शां. भा. देव यांनीं १९७० नंतर माहुरझरी येथें केलेल्या उत्खननांत लोखंडी हत्यारें व घोड्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंड येथें तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. अश्व बाळगणारा व धातु जाणणारा असा हा समाज होता. त्याला रानटी म्हणण्याची सोय आतां उरली नाहीं.

तरीही आमच्या मनांतील महाराष्ट्राचा इतिहास बहुधा सातवाहनांच्या लेखांपासूनच सुरू होतो. ही उपेक्षा निरुपद्रवी नव्हे. कोरीव लेखाचा दगड संग्रहालयांत नेला तरी वाचतां येतो; वर्तुळाचा अर्थ मात्र त्याच्या मांडणींत असतो. चार धोंडे बांधकामास उचलले, कीं पृष्ठ फाटलें; आणि या ग्रंथाची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.