वारणेचे खोरे आणि भुकेचा धर्म : अण्णा भाऊंच्या 'फकिरा'चे एक वाचन

बोनकोडे येथील विहारात रविवारच्या वाचनवर्गात आम्ही अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी वाचावयास घेतली, तेव्हा एका तरुण उपासकाने सरळच विचारले : "आपण रोज पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. मग धान्य लुटणारा, तलवार चालवणारा फकिरा आपला नायक कसा ?" प्रश्न प्रामाणिक होता. त्या दिवशी त्याचे समाधान आम्हांस करता आले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे ऋण आहे.

अण्णा भाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव (जि. सांगली) येथे झाला आणि 18 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले. 'फकिरा' 1959 साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अर्पणपत्रिका मात्र बाबासाहेबांच्या लेखणीस आहे. मार्क्सवादी पक्षकार्यात आयुष्य वेचलेल्या लेखकाने आपली सर्वांत महत्त्वाची कादंबरी त्या लेखणीस वाहावी, यात अण्णा भाऊंना आपल्या किंवा परक्या गोटात ढकलू पाहणाऱ्या सर्वांनाच उत्तर आहे.

प्रस्थापित समीक्षेने या लेखनावर 'प्रादेशिक' ही चिठ्ठी चिकटवली. 'वारणेचा वाघ', 'वारणेच्या खोऱ्यात' ही शीर्षकेच तिला पोषक ठरली. चिठ्ठी खोटी नाही. वाटेगाव-शिगावची शीव, जोगिणीसाठी दोन गावांत चाललेले वैर, मांगवाड्यातील बोली, डोंगर-ओढ्यांच्या वाटा हे सारे विशिष्ट भूमीचे आहे, आणि संवादांतील बोली काढून घेतली तर पात्रे मुकी होतील. आक्षेप एवढाच की, पांढरपेशा मध्यमवर्गाची दिवाणखान्यातील कथा मात्र 'मानवी' आणि भुकेल्या मांगवाड्याची कथा 'प्रादेशिक', ही वाटणी कोणी केली ? दिवाणखान्यालाही गाव, पेठ आणि जात असते. ती कोणी विचारत नाही, इतकेच.

कादंबरीचा पूर्वार्ध राणोजीचा. तो शिगावची जोगिणी आणतो. शीव ओलांडल्यावर हल्ला करू नये हा रिवाज मोडून त्याला मारले जाते. येथे आमचे मत स्पष्ट आहे : जोगिणीचे माहात्म्य लेखकाने तपासलेले नाही. गावाच्या मानासाठी मांगाने रक्त सांडावे आणि मान गावाला मिळावा, यातील विषमता तो दाखवतो, पण जोगिणीवरील श्रद्धेला हात लावत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकास हे खटकणारच, आणि खटकावे. गावगाड्यातील सज्जन वरिष्ठांविषयी, विशेषतः विष्णुपंत कुलकर्ण्यांविषयी, लेखकाला वाटणारा विश्वासही आम्हांस काहीसा भाबडा वाटतो.

परंतु कादंबरी बदलते ती दुष्काळात. माणसे भुकेने मरू लागतात, तेव्हा राणोजीचा मुलगा फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. पुढे सरकारी खजिना लुटला जातो, सरकारचा ससेमिरा सुरू होतो. त्यापूर्वीही मांगांच्या मागे हजेरी होतीच. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. तो 1952 साली रद्द झाला, म्हणजे 'फकिरा' प्रसिद्ध होण्याच्या अवघी सात वर्षे आधी. हे ध्यानात घेतले की ही निव्वळ जुन्या काळची वीरकथा राहत नाही.

फकिराची तुलना अंगुलिमालाशी करण्याचा मोह होतो. आम्ही ती नाकारतो. मज्झिमनिकायातील अंगुलिमाल भुकेसाठी मारत नाही. त्याला थांबावयाचे आहे ते स्वतःच्या हिंसेपाशी. फकिराच्या जवळचे सुत्त दुसरेच आहे : दीघनिकायातील सव्विसावे, चक्कवत्तिसीहनाद. तेथील राजा धर्माने राज्य राखतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी जन्मते. राजा पहिल्या चोराला जवळून धन देतो, तर ते ऐकून आणखी चोऱ्या होतात. मग तो शिरच्छेदाची शिक्षा सुरू करतो, तर लोक शस्त्रे घडवून लुटू लागतात. हा क्रम लक्षपूर्वक पाहावा. भगवान चोरीला पुण्य म्हणत नाहीत. मात्र तिचे मूळ ते चोराच्या मनात शोधत नाहीत, राज्याच्या कर्तव्यच्युतीत शोधतात. कूटदन्त सुत्तातील पुरोहितही राजाला हेच सांगतो : चोरांचा बंदोबस्त दंडाने होणार नाही; शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला वेतन द्यावे.

अण्णा भाऊंनी ही सुत्ते वाचली होती असे आम्ही सुचवीत नाही. त्यांनी वाटेगाव पाहिले होते. शाळेत जेमतेम दीड दिवस काढलेल्या माणसाने वारणाकाठच्या एका दुष्काळातून तोच कार्यकारणभाव मांडावा, यालाच आम्ही वैश्विकता म्हणतो. ती प्रदेश पुसून येत नाही. प्रदेशाच्या तळाशी गेल्यावर लागते. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, त्याचा आनंद आहेच. पण वैश्विकतेचा पुरावा म्हणून आम्हांस तो पुतळा लागत नाही.

आणि म्हणूनच 'स्मशानातील सोनं' ही कथा येथे आठवते. वारणाकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात दगडखाणीवर राबतो. खाण बंद पडते, तेव्हा तो मढी उकरून सोने शोधू लागतो. प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे तो गमावतो आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आमच्या वर्गात ही कथा वाचली गेली तेव्हा, पारसिकच्या डोंगराकडील खाणींवर उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध उपासक बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "खान बंद झाली की पहिल्या दिवशी मानूस देवाला शिव्या देतो, चौथ्या दिवशी बायकोला." भीमाच्या कथेवर यापेक्षा नेमके भाष्य आमच्या वाचनात नाही.

फकिराच्या शेवटाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि तो स्वतः हजर होतो. तलवारीचा पराक्रम तोपर्यंत झालेला असतो. येथे जे घडते ते वेगळ्या जातीचे आहे : दुसऱ्यांच्या सुटकेसाठी स्वतःचा जीव देऊ करणे. पारमितांच्या परिभाषेत त्यास दान म्हणावे की नाही, याविषयी आमच्या वर्गात दोन मते पडली. आमचे स्वतःचे मत असे की, लुटीच्या प्रसंगात शीलभंग आहे आणि तो लपवू नये. परंतु त्या भंगाचा हिशेब एकट्या फकिराच्या खात्यावर मांडता येत नाही. सुत्तातला राजाही त्यात भागीदार आहे.

प्रश्न विचारणारा तो तरुण पुढच्या रविवारी दीघनिकायाचे मराठी भाषांतर घेऊन आला. सव्विसावे सुत्त त्याने स्वतः मोठ्याने वाचले, राजा पहिला चोर सोडतो त्या जागी थांबला आणि विचारता झाला, "मग राजाने सुरुवातीलाच सगळ्यांना दिलं असतं तर?" वर्ग तेथून पुढे चालू आहे.