बालपणीचा अपस्मार आणि उत्तरायुष्य : दीर्घकालीन संशोधनाचा परामर्श

बालवयात जडलेल्या अपस्माराचे पुढे काय होते, या प्रश्नास गेल्या दीडशे वर्षांत परस्परांशी न जुळणारी उत्तरे मिळाली आहेत. विल्यम गॉवर्स यांनी १८८१ मध्ये असे प्रतिपादिले की, प्रत्येक झटका पुढील झटक्यास वाट करून देतो; या मताची छाया विषयावर दीर्घकाळ राहिली. उलटपक्षी, अमेरिकेतील रॉचेस्टर येथील सर्व वयांच्या रुग्णांच्या नोंदी तपासून अॅनेगर्स, हाउजर प्रभृतींनी १९७९ साली दाखविले की, निदानानंतर वीस वर्षांनी सुमारे ७० टक्के रुग्ण निदान पाच वर्षे तरी झटक्यांपासून मुक्त होते. दरम्यान औषधे सुधारली हे खरे. परंतु एवढ्याने या अंतराचा उलगडा होत नाही. रोगाचे भवितव्य म्हणून जे सांगितले जाते ते केवळ रोगावर अवलंबून नसते. संशोधकाने कोणती मुले मोजली, किती काळ पाहिली आणि कशास फल मानले, या तीन निर्णयांवरही ते अवलंबून असते. पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिसऱ्याची व्हावी तेवढी झालेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम मुलांच्या निवडीचा प्रश्न घेऊ. तापात आकडी येणाऱ्या मुलांपैकी किती जणांस पुढे अपस्मार होतो, या प्रश्नावरील पूर्वीच्या अभ्यासांची एलेनबर्ग व नेल्सन यांनी १९८० मध्ये तुलना केली. संपूर्ण लोकसमूहावर आधारलेल्या अभ्यासांत हे प्रमाण १.५ ते ४.६ टक्के निघाले, तर रुग्णालयांतून घेतलेल्या नमुन्यांत ते २.६ टक्क्यांपासून ७६.९ टक्क्यांपर्यंत होते. ही तुलना पद्धतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. मोठ्या रुग्णालयाच्या दारात येतात ती वारंवार आकडी येणारी, उपचारांस दाद न देणारी मुले. एकदा आकडी येऊन बरे झालेले मूल तेथे फिरकतही नाही. म्हणून केवळ रुग्णालयात बसून रोगाचे भवितव्य ठरविणारा वैद्य प्रामाणिक असूनही निराशावादी बनतो.

दुसरा प्रश्न कालावधीचा. फिनलंडमधील तुर्कू येथील माट्टी सिल्लान्पा यांचा अभ्यास या बाबतीत असाधारण आहे. १९६४ पासून त्यांनी २४५ बालरुग्णांचा मागोवा घेतला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, हयात असलेल्या १७६ व्यक्तींपैकी ११२ जण (६४ टक्के) निदान पाच वर्षे झटकामुक्त होते. त्यांतील ८३ जण औषधही घेत नव्हते. येथवरचे चित्र आश्वासक आहे. परंतु २०१० मध्ये सिल्लान्पा व श्लोमो शिन्नर यांनी चाळीस वर्षांचा मृत्युलेखा मांडला. त्यानुसार २४५ पैकी ६० जण मरण पावले होते. म्हणजे समवयस्कांच्या मानाने सुमारे तिप्पट. झटके न थांबलेल्या १०७ जणांपैकी ५१ मृत झाले होते.

याउलट कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील कॅम्फील्ड दांपत्याच्या २००२ सालच्या अभ्यासात ६९२ मुलांपैकी केवळ २६ मृत्यू आढळले. त्यांतील बहुतेक मृत्यू मेंदूच्या मूळच्या गंभीर विकृतीमुळे झालेले होते, झटक्यांमुळे नव्हे. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु तुर्कूच्या लेख्यातील एका तपशिलाने ही विसंगती बरीचशी मिटते : ज्यांना मेंदूची ज्ञात विकृती नव्हती, त्यांच्यात चौदा वर्षांखाली आकस्मिक, अकारण वाटणारा मृत्यू एकही नव्हता. असे मृत्यू नंतरच्या वयातले. अर्थात बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीतून मूल बाहेर पडण्याच्या सुमारास जो अभ्यास संपतो, त्यास हा धोका दिसणेच शक्य नाही. तुर्कूच्या समूहात आरंभीच काही जुने रुग्ण समाविष्ट होते, त्यामुळे चित्र काहीसे काळवंडले असावे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि कालावधीविषयीचा धडा त्याने बाधित होत नाही.

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. झटके थांबले म्हणजे फल चांगले, हे समीकरण या संशोधनाने बराच काळ गृहीत धरले. सिल्लान्पा यांनीच त्यास धक्का दिला. बुद्धी व शरीर अन्यथा निकोप असणाऱ्या, केवळ अपस्मार झालेल्या व्यक्तीदेखील शिक्षण, नोकरी, विवाह आणि अपत्यप्राप्ती या चारही बाबतींत तुलनागटाच्या मागे पडल्याचे त्यांना आढळले.

यावर सहज सुचणारा आक्षेप असा की, कोणताही दीर्घ आजार बालपण झाकोळतो. त्यात अपस्माराचे वैशिष्ट्य ते काय? या आक्षेपास वायरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हा स्कोशियातच १९९७ मध्ये उत्तर दिले, आणि त्यांची योजना फारच मार्मिक होती. क्षणभर भान हरपणाऱ्या सौम्य प्रकारच्या अपस्माराची ५६ उदाहरणे त्यांनी घेतली, आणि तुलनेसाठी निरोगी मुले न घेता बालसंधिवाताचे ६१ रुग्ण घेतले. संधिवाताच्या मुलांनाही वेदना, औषधे, शाळा बुडणे हे सारे चुकलेले नव्हते. तरीही तरुणपणी अपस्माराचा गट अभ्यासात व वर्तनात अधिक मागे आढळला. सौम्य म्हणून ज्याची उपेक्षा केली जाते, तो प्रकारही निरुपद्रवी नाही, हा यातील मथितार्थ.

परंतु येथेच समीक्षकाने थांबून विचारावयास हवे : हे मागे पडणे रोगाचे की समाजाचे? मेंदूतील मूळ दोष, औषधांमुळे येणारी सुस्ती, आईबापांची भीतीपोटी होणारी अतिकाळजी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची शंकित नजर ही चार कारणे या अभ्यासांत एकमेकांत मिसळून गेली आहेत. विवाह झाला किंवा नाही, ही नोंद जणू रक्ताच्या तपासणीसारखी तटस्थ मानली गेली. वस्तुतः ती समाजाच्या वर्तनाची नोंद आहे. याचा पुरावा आपल्याच देशाच्या कायद्यात सापडतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडेपणाच्या जोडीला बसविले गेले आणि ते विवाहातील अडसर ठरले. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. या तेवीस वर्षांत रोग बदलला नाही, कायदा बदलला. त्या काळात "अविवाहित" असे फल नोंदविणाऱ्याने नेमके काय मोजले असते? आणि आजही "फेफरे येते" ही गोष्ट मुलीच्या लग्नात लपविली जाते. लपविण्याच्या भरात सासरी औषध बंद पडते आणि झटके परततात. म्हणजे समाजाचे फल पुन्हा रोगाचे कारण होऊन बसते. तुर्कूच्या कोष्टकांत या चक्रास स्थान नाही.

यास्तव परदेशी टक्केवारी जशीच्या तशी आपल्याकडे उचलून आणणे अशास्त्रीय ठरेल. आपल्याकडे प्रसूतिसमयी गुदमरणे आणि मेंदूतील पट्टकृमीच्या गाठी यांसारखी कारणे अधिक दिसतात, आणि उपचाराविना राहणारी मुलेही पुष्कळ. जो विद्यार्थी या विषयात काम करू इच्छितो, त्याने पहिल्या झटक्यापासून मुलांची नोंद करावी. ती रुग्णालयाबरोबरच शाळा आणि गावे यांतूनही घ्यावी. मतिमांद्य असलेली व नसलेली मुले वेगळी मोजावी. आणि तुलनेस त्याच घरातील भावंडे घ्यावीत, म्हणजे दारिद्र्याचा दोष रोगाच्या माथी येणार नाही. शिक्षण आणि विवाह यांची नोंद करताना शाळा कोणी सोडविली, औषध केव्हा व का थांबले, आजार कोणापासून लपविला, हेही विचारावे.

झटके थांबणे हे मोठे फल आहे, यात शंका नाही. परंतु शाळेतून काढून घेतलेल्या मुलाचे झटके थांबले, तर त्यास यशस्वी उपचारांच्या रकान्यात घालणारी गणना अपुरी आहे. या मुलांना काय नाकारले गेले, ते नाकारणारे हात कोणाचे होते, हे शोधणे यापुढील संशोधनाचे कर्तव्य होय. कारण रोगाने नेलेले परत आणणे बहुधा आपल्या हाती नसते, समाजाने नेलेले मात्र असते.