ओट्यावर ठरलेली वाट

दिवाळीला पुण्याहून आलेला मुलगा दिग्रसच्या बसस्थानकावर उतरला, की दोन दिवसांत त्याच्या ओट्यावर गल्लीतील पोरे जमतात. पगार किती, काम कसले, असे प्रश्न होतात. तो पगार सांगतो. एका खोलीत किती जण निजतात, हे सांगत नाही. भाऊबीज उरकली, की त्याच्याबरोबर आणखी एखादा निघतो. कपाशीने दगा दिला म्हणून गाव सुटते, हे खरे; परंतु नागपूर जवळ असताना तो पुण्यालाच का जातो, याचे उत्तर त्या ओट्यावर असते.

आपल्या साहित्याने हा ओटा फारसा पाहिला नाही, अशी माझी तक्रार आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो, वाडी ओस होते, गाव का सुटते, हे तेथे काळजाला भिडते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेल्या अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईस गेलेल्याचा विरह आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) शहरात रुळलेली बिऱ्हाडे भेटतात. निघणे, झुरणे, रुळणे सारे लिहिले गेले. कोठे जावयाचे हे ठरण्याची घटका मात्र बहुधा निसटली.

ती घटका लहान नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर आपल्या गावची, ओळखीची माणसे कामाला लावीत असे. एका गावचे लोक मिळून चाळीत खोली घेत आणि पाळीपाळीने तेथे निजत. नवख्याला पहिल्याच रात्री आसरा मिळे. पण १९८२ चा संप लांबला, तेव्हा ज्या गावची माणसे गिरणीकामातच गुंतली होती, तेथे घरोघरच्या चुली एकदम मंदावल्या. ज्या ओळखीने आसरा दिला, तिनेच सर्वांना एका नावेत बसविले होते.

दोष कोणाला द्यावा? वाट दाखविणारा खोटे बोलत नसतो. गावात मान खाली जाऊ नये म्हणून अर्धेच सांगतो. ते न सांगितलेले अर्धे हाच कथेचा खरा ऐवज आहे. आणि दाराआड उभ्या असलेल्या आईला, बायकोला कोणी विचारीत नाही. मैना गावावर राहते, तीही न विचारताच.

दिग्रसच्या एखाद्या लेखकाने हा ओटा लिहावा. तोवर फराळाला आलेल्या पाहुण्याला, पगाराबरोबरच खोलीत किती जण निजतात, हेही घरच्यांनी विचारावे. आणि धाकटी पोरे ऐकत असतानाच विचारावे.