कोलरिज-टेलर यांचीं पियानोगीतें

सॅम्युएल कोलरिज-टेलर यांचा 'चोवीस नीग्रो गीतें' हा पियानोसाठीं रचलेला संग्रह १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. रचनाकारांचा जन्म लंडनचा, १८७५ मधला. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, आई इंग्रज. ब्राम्स यांनीं हंगेरीच्या आणि ग्रीग यांनीं नॉर्वेच्या लोकसंगीतासाठीं जें केलें, तेंच या गीतांसाठीं करण्याचा आपला यत्न आहे, असें ते प्रस्तावनेंत म्हणतात. प्रतिज्ञा मोठी खरी. ती सिद्धीस कितपत गेली?

प्रत्येक रचनेच्या माथ्यावर मूळ चाल छापली आहे. हा प्रामाणिकपणा रचनाकारांस कधीं कधीं भोंवतो. वरची साधी चाल वाचावी आणि खालीं स्वरसंघांचा भार पाहावा, तों शेतांत राबणाऱ्या माणसाच्या अंगावर दरबारी झगा चढविल्यासारखें वाटतें. (एका वेळीं एकच स्वर ऐकण्यास सरावलेल्या आमच्या कानांस हा भार अधिक जाणवत असेल, हेंहि कबूल करावयास हवें.)

परंतु 'डीप रिव्हर'पाशीं आमचा आक्षेप लंगडा पडतो. अमेरिकेंतील गुलामांचें हें भक्तिगीत. जॉर्डन नदीपलीकडच्या घराची त्यांत आस आहे. चाल प्रथम संथपणें येते, मध्यें स्वर खवळतात, आणि ती पुन्हा ऐकूं येते तेव्हां तिच्या शांततेंत मागची खळबळ मुरलेली असते. येथें साथ ही सजावट राहत नाहीं. गीताचें दुःखच ती बोलूं लागते. 'बांबूला' हें वेस्ट इंडीजचें नृत्यगीत त्यांनीं १९१० सालीं वाद्यवृंदासाठीं विस्तारिलें. त्याचा ठेका मोठा मोहक आहे. तरी आम्ही 'डीप रिव्हर'लाच वरचें स्थान देऊं.