टेलोमिअर-प्रथिने आणि प्रारंभिक भ्रूणविकास : एका गृहीतकाची चिकित्सा

गुणसूत्रांच्या टोकांना असलेल्या टेलोमिअरचे संरक्षण शेल्टेरिन हे सहा प्रथिनांचे संकुल करते आणि ते सर्व पेशींत एकाच रीतीने करते, असे पदव्युत्तर अध्यापनात बहुधा गृहीत धरले जाते. यातील पहिले विधान भक्कम आहे; दुसरे मात्र पुराव्यापेक्षा सवयीवर उभे आहे.

या संकुलातील टीआरएफ-२ हे प्रथिन काढून टाकल्यास उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत गुणसूत्रांची टोके एकमेकांना जोडली जातात. टोक म्हणजे तुटलेला डीएनए, असा पेशीचा समज होतो. हे जनुक नसलेले भ्रूणही गर्भावस्थेतच मरतात. या दोन निरीक्षणांची सांगड घालून भ्रूणाच्या पहिल्या दिवसांतही हीच यंत्रणा असणार, असे मानले गेले. वस्तुतः मृत्यू हा प्रथिनाच्या आवश्यकतेचा पुरावा असतो, त्याच्या कार्याचा नव्हे. टीआरएफ-१ विरहित भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशीच मरतात, परंतु त्यांत टेलोमिअरची लांबी घटल्याचे किंवा गुणसूत्रे अस्थिर झाल्याचे ठळकपणे आढळले नाही, हे २००३ मध्येच नोंदले गेले होते. हा इशारा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात लाझेरिनी-डेंची आणि बोल्टन यांच्या गटांचे दोन स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाले. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी टीआरएफ-२ शिवायही विभाजित होत राहिल्या. त्यांची टोके सुरक्षित होती. बोल्टन गटाला तर टोकाचा वळसा, म्हणजेच टी-लूप, या प्रथिनाविना तयार झालेला दिसला. टीआरएफ-२ नसलेले भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत पोहोचले. पेशींचे विभेदन सुरू होताच मात्र टोके जोडली जाऊ लागली. दुसऱ्या गटाने या संरक्षणात झेडस्कॅन-४ या प्रथिनाचा वाटा दाखवला. एरवी ते उंदराच्या द्विपेशीय भ्रूणात ठळकपणे व्यक्त होते.

अर्थात, नव्या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. ‘मूलपेशींना शेल्टेरिन नको’ असे यातून सिद्ध होत नाही. प्रश्न एका घटकाचा आहे. शिवाय हे पुरावे उंदराचे आहेत आणि प्रयोगशाळेतील उंदरांचे टेलोमिअर मानवी टेलोमिअरपेक्षा बरेच लांब असतात. मानवी भ्रूणाबाबत हाच निष्कर्ष थेट मांडणे म्हणजे फायब्रोब्लास्टवरून भ्रूणाचा अंदाज बांधण्याची जुनी घाई पुन्हा करणे होय.