साहेबांनी गोळा केलेले फॉर्म

पीएच.डी.साठी ‘कामाच्या ठिकाणची असभ्य वागणूक आणि कर्मचाऱ्यांचे मौन’ हा विषय सोपा वाटतो. प्रश्नावली तयार मिळते. दोनशे फॉर्म भरून घ्यायचे, सहसंबंध काढायचा, झालं! मलाही असंच वाटलं होतं.

आधी ही प्रश्नावली कुठून आली ते पाहू. अँडरसन आणि पिअरसन यांनी 1999 मध्ये असभ्यतेची व्याख्या केली : परस्पर आदराचे संकेत मोडणारं, कमी तीव्रतेचं वर्तन, ज्यात दुखावण्याचा हेतू स्पष्ट दिसत नाही. 2001 मध्ये कॉर्टिना आणि सहकाऱ्यांनी सात प्रश्नांची मोजपट्टी दिली. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांतले 1,180 कर्मचारी त्या अभ्यासात होते. 71 टक्क्यांनी मागच्या पाच वर्षांत असा अनुभव आल्याचं सांगितलं.

ही मोजपट्टी सक्करदऱ्यात आणली की पहिली अडचण भाषेची. मित्र ‘काय बे’ म्हणाला तर जवळीक. तेच साहेब वयानं मोठ्या कारकुनाला चारचौघांत म्हणाले तर अपमान. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतलं अंतर इंग्रजी प्रश्नात नाही, म्हणून नुसत्या भाषांतरातही ते येत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. चौकाजवळच्या एका ऑफिसात पायलटसाठी मी फॉर्म दिले. साहेबांनीच वाटले, त्यांनीच गोळा केले. सगळीकडे एकच खूण : ‘कधीच नाही’. नंतर खाली चहाच्या टपरीवर एक ताई म्हणाल्या, “अकरा महिन्यांची ऑर्डर आहे जी. पुढच्या ऑर्डरवर सही त्यांचीच लागते. काय लिहू?”

व्हॅन डाइन, अँग आणि बोटेरो यांनी 2003 मध्ये मौनाचे तीन प्रकार सांगितले : ‘बोलून काय होणार’ म्हणून, भीतीपोटी आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी. ताईंचं मौन दुसऱ्या प्रकारचं. पण माझ्या कोष्टकात काय आलं? असभ्यता शून्य! म्हणजे ज्या मौनाचा अभ्यास करायला मी गेलो, त्यातच माझा फॉर्म सामील झाला.

म्हणून असा प्रबंध वाचताना ‘नमुना किती’ याआधी ‘फॉर्म कोणी गोळा केले’ हे विचारा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला, एकाच वेळी विचारल्या असतील तर कार्यकारण सिद्ध होत नाही. नोकरी कायम की कंत्राटी, हे तर नोंदवायलाच हवं. आणि पाच माणसांच्या ऑफिसात वय आणि पद लिहून घेतलं, तर नाव न लिहूनही माणूस ओळखू येतो.

ते फॉर्म मी बाद केले. आता मुलाखती ऑफिसबाहेर घेतो, ऑफिस सुटल्यावर. वेळ फार जातो; पण लोक बोलतात.